वतनदार भिंगे

पहिला कॅमेरा विकत घेणे आणि गेलेल्या कॅमेऱ्याच्या जागी दुसरा घेणे, हे दोन्ही व्यवहार दुकानाच्या त्याच काउंटरवर आणि त्याच चलनी नोटांनी होत असल्यामुळे लोक त्यांना एकाच जातीचे समजतात. परंतु महसूल खात्यात अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर उभी हयात बसून काढलेल्या माझ्यासारख्या इसमाला त्यांतील भेद समजण्यास वेळ लागत नाही. पहिला कॅमेरा घेणारा माणूस बिनबोजाच्या जमिनीवर पाऊल ठेवीत असतो. त्याची हौस आणि त्याचा खिसा या उभयतांचे जमले की खरेदीखत पुरे होते. दुसरा कॅमेरा घेणाऱ्याच्या सातबाऱ्यावर मात्र 'इतर हक्क' हे सदर आधीच गच्च भरलेले असते, आणि त्या सदरात ज्यांची नावे लागलेली असतात ती माणसे नसून भिंगे असतात. कॅमेरा मरतो, भिंगे मरत नाहीत. ती कपाटात बसून वारसाची वाट पाहतात, आणि वारस कोणत्या घराण्यातला असावा, त्याच्या तोंडाची गोलाई किती असावी आणि त्याच्या पोटात कोणती यंत्रे असावीत, याविषयी त्यांची मते ठाम असतात.

माझा पूर्वीचा कॅमेरा म्हणजे निकॉन कंपनीचा डी-90. 2008 साली तो बाजारात आला तेव्हा हलते चित्र टिपणारा जगातील पहिला डी.एस.एल.आर. म्हणून त्याचा मोठा बोलबाला झाला होता. मात्र मोठ्या आकाराचे ते हलते चित्र एका दमात पाच मिनिटांहून अधिक हलत नसे, आणि सत्यनारायणाच्या कथेचा एक अध्यायही त्यात सुखरूप मावत नसल्यामुळे आमच्या घरी त्या कीर्तीचा काही उपयोग झाला नाही. बाकी त्याने इमानेइतबारे चाकरी केली. भाद्रपदात कासच्या पठारावर, ढग अंगावरून चाललेले असताना, सीतेची आसवे या नावाची ती बोटभर उंचीची जांभळी फुले टिपण्यासाठी मी पायवाटेच्या चिखलात पालथा पडत असे तेव्हा त्याने कधी कुरकुर केली नाही. जी काही कुरकुर झाली ती माझ्या गुडघ्यांनी केली. त्याचा अंत हर्णैच्या बंदरावर झाला. सायंकाळी होड्या लागल्या होत्या, बैलगाड्या पोटापर्यंतच्या पाण्यातून मासळी वाहून आणीत होत्या, वाळूवर सुरमई-पापलेटांच्या राशींभोवती लिलावाची कोंडाळी जमली होती, आणि "मामा, मी जरा वेगळा अँगल घेतो" असे म्हणून आमचा भाचा कॅमेरा गळ्यात अडकवून मागे मागे सरकत समुद्राच्या हद्दीत शिरला. लाट आली. भाचा वर आला, कॅमेराही वर आला. पण दोहोंपैकी फक्त भाचा चालू स्थितीत होता.

पुण्यात एका बोळात, दुसऱ्या मजल्यावर, एक कॅमेरे दुरुस्त करणारा गृहस्थ बसतो. त्याने माझ्यादेखत पंचनामा केला. त्याच्या टेबलावर दुहेरी चिकटपट्टीची एक लांब पट्टी ताणून लावलेली होती. कॅमेऱ्याच्या तळाचा, कुशीचा, माथ्याचा असा एकेक स्क्रू काढून तो ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने तो त्या पट्टीवर ओळीने चिकटवीत होता, आणि आमच्या आवक-जावक बारनिशीतही जी शिस्त मला कधी आढळली नाही ती त्या मोहरीएवढ्या स्क्रूंच्या रांगेत आढळली. मागचे आवरण सुटताच आतल्या हिरव्या पाटीवर पांढरट पूड धरलेली दिसली. त्याने ती ब्रशच्या टोकाने हलकेच खरवडली, दिवा जवळ ओढला आणि म्हणाला, "काका, गोडं पाणी असतं तर वाळवून बघितलं असतं. हे खारं आहे. अजून बोर्ड खातंय." कॅमेऱ्यावर असलेले 18-105 चे भिंगही त्याने डोळ्याला लावून पाहिले आणि न बोलता माझ्या पिशवीत ठेवले. मग त्याने ते सारे स्क्रू उलट क्रमाने पुन्हा जागच्या जागी बसवले. मृताची अशी काळजी घेणारा आणि वर "राहू द्या, काही नको" म्हणणारा मनुष्य आजच्या काळात भेटणे दुर्मिळ आहे, म्हणून ही नोंद.

माणसाला कॅमेरा घ्यायचा आहे ही वार्ता कशी पसरते हे समजत नाही, परंतु ती पसरते, आणि मग सल्लागार येतात. सर्वांत प्रथम आले ते आमचे शेजारी नाना. त्यांचे म्हणणे असे की, हल्ली मोबाईलमध्ये सगळे येते, तेव्हा दीड किलोचे धोंडे गळ्यात बांधून हिंडण्याचे प्रयोजन काय? मी त्यांना संवेदकाचे आकारमान, भिंगाचे छिद्र, पार्श्वभूमीचे अंधुक होणे इत्यादी गोष्टी सविस्तर समजावून सांगितल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि विचारले, "मग तू ते फोटो पाठवतोस कशावर?" वस्तुस्थिती अशी आहे की, माझ्या सर्व छायाचित्रांचा अंतिम मुक्काम कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर असतो, तेथे जाताना त्यांची वाटेतच आटणी होते, चार इंची काचेवर ती अवतरतात, आणि पहाटे चारला उठून टिपलेल्या खंड्याखाली आत्याबाई हात जोडल्याचे चिन्ह टाकतात. नानांच्या प्रश्नास उत्तर नव्हते, म्हणून मी चहा मागवला.

दुसरे सल्लागार म्हणजे साताऱ्याच्या राजपथावरील एक फोटो स्टुडिओवाले. लग्नसराईत त्यांचा दरारा मोठा. अंतरपाट धरलेल्या भटजींनासुद्धा ते "गुरुजी, जरा डावीकडे" असे फर्मावू शकतात. त्यांनी 'फुल फ्रेम'चा आग्रह धरला. त्याखालचे सर्व काही त्यांच्या लेखी खेळणे. मी घरी येऊन माझ्या पद्धतीने क्षेत्राची आकारणी केली: फुल फ्रेम म्हणजे 36 गुणिले 24, एकूण 864 चौरस मिलिमीटर, निकॉनचा लहान संवेदक सुमारे 23.5 गुणिले 15.6, म्हणजे 367 चौरस मिलिमीटरच्या आसपास. सबब थोरल्या जमिनीचे क्षेत्र धाकटीच्या सव्वादोन पटींहून अधिक. अधिक जमिनीवर अधिक उजेड पडतो आणि मिणमिणत्या प्रकाशात पीक अधिक येते, हे खरे. परंतु धाकट्या जमिनीचाही एक गुण आहे: तिच्यावर 300 मिलिमीटरचे भिंग 450 मिलिमीटरच्या थाटाने वागते, आणि भिगवणला उजनीच्या फुगवट्यात होडीत बसून दूरच्या रोहितांकडे आशाळभूतपणे पाहणाऱ्याला ही फुकटची बढती नाकारणे परवडत नाही. शिवाय फुल फ्रेम घ्यावयाची तर तिला साजेशी भिंगे घ्यावी लागतात, आणि त्या भिंगांच्या किमती ऐकल्यावर स्टुडिओवाल्यांच्या आवाजातील अधिकार कोठून आला याचा उलगडा होतो.

मेगापिक्सेलविषयी फार लिहीत नाही. ए-फोर कागदावर इंचाला 300 ठिपके या हिशेबाने उत्तम चित्र छापण्यास नऊ मेगापिक्सेल पुरतात, माझ्या डी-90 पाशी बारा होते, आणि मी ए-फोर आकारावर आजतागायत जे छापले ते पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची छायाप्रत एवढेच.

खरा वाद घातला तो भाच्याने. हर्णैच्या घटनेनंतर त्याने काही काळ नम्रतेने वागावे अशी माझी अपेक्षा होती, परंतु तरुण पिढी अपराधाचे रूपांतर सल्ल्यात फार लवकर करते. त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, "मामा, आता आरसा कोण वापरतं?" आरसा म्हणजे डी.एस.एल.आर.च्या पोटात पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला तो चिमुकला आरसा, ज्याच्यामुळे भिंगातून आलेला प्रकाश वर वळतो, माथ्यावरच्या पंचकोनी लोलकात उलटसुलट होऊन सरळ होतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. 2013 साली सोनीने फुल फ्रेमचा बिनआरशाचा कॅमेरा काढला, 2018 साली निकॉन आणि कॅनन या दोन्ही जुन्या घराण्यांनीही त्याच वाटेने जाण्याचे ठरवले, आणि तेव्हापासून आरसेवाल्यांकडे लोक बंडीवाल्या आजोबांकडे पाहावे तसे पाहू लागले. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात डोळा लावला की आत एक छोटा दूरदर्शन संच दिसतो. त्यात छायाचित्र कसे येणार हे आधीच कळते. फार उजळ, फार काळवंडलेले, सारे काही अगोदर.

यावर मी भाच्याला असे सांगितले की, आरशाच्या कॅमेऱ्यातून बुलबुल पाहताना बुलबुलाच्या अंगावरून निघालेला प्रत्यक्ष प्रकाश, कोणत्याही विद्युत्-मध्यस्थाची दलाली न देता, केवळ काच आणि आरसा यांच्या वाटेने माझ्या डोळ्यात येतो. बुलबुल आणि मी यांच्यामध्ये तिसरा कोणी नसतो. हे विधान मला स्वतःला इतके आवडले की मी ते पुन्हा एकदा केले. तेव्हा तो कार्टा म्हणाला, "आणि मामा, बटण दाबल्यावर?" बटण दाबल्यावर काय होते हे मला ठाऊक होतेच, परंतु या दिशेने कोणी उलटतपासणी घेईल असे वाटले नव्हते. बटण दाबताच तो आरसा खटकन वर जातो, कारण तो वाटेतून हटल्याशिवाय प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचणार कसा. आणि आरसा वर गेला की डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे डी.एस.एल.आर.वाला मनुष्य त्या बुलबुलाचे आधीचे सर्व क्षण पाहतो, नंतरचेही पाहतो, परंतु ज्या एका क्षणाचे छायाचित्र त्याच्या संग्रही जमा होते तेवढा क्षण मात्र त्याने पाहिलेला नसतो. आयुष्यभर मी हजारो क्षण टिपले आणि त्यांतला एकही पाहिला नाही, ही गोष्ट एका विशीतल्या मुलाने शेंगदाणे खाता खाता माझ्या निदर्शनास आणून द्यावी!

त्यात भर म्हणून डी-90 च्या दृश्यदर्शकात चित्राची लांबी-रुंदी सुमारे 96 टक्केच दिसत असे. उरलेले चार टक्के कडेकडेने कॅमेरा परस्पर भरून घेई, आणि आमच्या घरातील मंगल कार्यांच्या छायाचित्रांच्या काठावर मठ्ठ्याचा पेला धरलेले जे एक मामा वारंवार आढळतात ते त्या चार टक्क्यांचे कायमचे रहिवासी होत.

इतके होऊनही मी आरसा सोडला नाही. हट्ट हे त्याचे एक कारण. पण मुख्य कारण कपाटातले तीन वतनदार. 50 मिलिमीटरचे एक, 60 मिलिमीटरचे फुलाकिड्यांसाठीचे मॅक्रो एक, आणि पक्ष्यांसाठी 70-300 चे लांबट एक. साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंगांच्या पोटात बुरशीचे पांढरे धागे धरतात, म्हणून हे तिघे घट्ट झाकणाच्या एका डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतात. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की मी ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करतो. (यासाठी स्वयंपाकघरातून एक तवा कायमचा बडतर्फ करून माझ्या नावे वर्ग करण्यात आला आहे.) या तिघांची बडदास्त पाहून पाहुण्यांना ते घरातले ज्येष्ठ वाटतात, आणि तसे ते आहेतही.

आता वतनाचे मूळ काय ते सांगितले पाहिजे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी भिंग ज्या धातूच्या कड्यात फिरवून अडकवतात त्याला माउंट म्हणतात. निकॉनने आपले हे कडे 1959 साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी, ठरवले. कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर साडेसेहेचाळीस मिलिमीटर. पुढे फिल्म गेली, तिच्या जागी संवेदक आला, मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले, आण्याचे पैसे आधीच झाले होते, पण त्या डी.एस.एल.आर. घराण्यात ते कडे आणि ते अंतर केसभरही हलले नाही. कॅननचे धोरण याच्या नेमके उलट. त्यांनी 1987 साली आपले जुने कडे एका हुकुमासरशी रद्द करून नवे आणले, आणि जुन्या भिंगांचे धनी, 1950 च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने खालसा झाल्यावर आमच्याकडील कुळकर्ण्यांची जी अवस्था झाली, त्याच अवस्थेत येऊन पडले. त्या वेळी फार आरडाओरडा झाला असणार. परंतु मागे वळून पाहता कॅननचा निर्णय शहाणपणाचा होता. वतने खालसा करावयाची तर एकदाच आणि पुरती करावीत, हप्त्याहप्त्याने केली की दोन पिढ्या तक्रारअर्ज लिहीत बसतात, हे मी असले अर्ज नस्तीबद्ध करण्यात घालवलेल्या वर्षांच्या आधाराने सांगतो.

निकॉनने ती हप्त्याहप्त्याने केली. नेम साधण्यासाठी भिंगातील काचा पुढेमागे सरकवाव्या लागतात, आणि त्या सरकवणारी मोटर कॅननच्या नव्या व्यवस्थेत प्रत्येक भिंगाच्या स्वतःच्या पोटात होती. निकॉनच्या जुन्या भिंगांत ती नव्हती. ही भिंगे जुन्या इनामदारांसारखी स्वतः चालत नसत. भोई कॅमेऱ्याच्या पदरी असत. कड्याच्या काठावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकासारखी एक बारीक खुंटी असे, ती भिंगाच्या खाचेत बसे आणि त्याला वाहून नेई. पुढे निकॉननेही भिंगात मोटर घालण्यास सुरुवात केली, आणि 2006 सालच्या डी-40 पासून स्वस्त कॅमेऱ्यांतील ते भोई गुपचूप कमी करून टाकले. कडे तेच राहिले, भिंग तसेच बसते, दृश्य तसेच दिसते. फक्त बटण अर्धे दाबले की काही होत नाही. माझ्या तिघांपैकी 70-300 स्वतःच्या पायावर उभे आहे. 50 आणि 60 ही दोन्ही 'डी' पिढीतली, म्हणजे भोयांची. दुकानात नुसते भिंग लावून पाहणाऱ्याला यातले काही उमगत नाही. नोंद कायम, ताबा नाही, असा हा मामला आहे, आणि अशा प्रकरणांवर किती दावे उभे राहतात हे मी जवळून पाहिले आहे.

भाच्याच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी 2018 साली निकॉनने अखेर कडेच बदलले. नव्या कड्यापासून संवेदकाचे अंतर अवघे 16 मिलिमीटर. जुन्या वतनदारांच्या समाधानार्थ मधल्या जागेत बसणारे एक नळकांडे, त्याचे नाव एफ.टी.झेड. पण त्या नळकांड्यातही मोटर नाही, त्यामुळे माझी दोन भिंगे तेथेही जागच्या जागी बसून राहणार. संस्थाने विलीन झाल्यावर राजेलोकांना तनखे मिळत तसा हा तनखा. आणि 1971 साली तनख्यांचे काय झाले हे भिंगांना माहीत नसले तरी मला आहे.

घराणेच बदलून कॅननकडे जावे हाही विचार मनात येऊन गेला. कॅननचे अंतर 44 मिलिमीटर, निकॉनचे त्याहून अडीच मिलिमीटर अधिक, त्यामुळे मध्ये एक पातळ कडी घालून निकॉनचे भिंग कॅननवर बसते, मात्र नेम हाताने धरावा लागतो. उलट कॅननचे भिंग निकॉनवर तशा साध्या कडीने बसवले तर दूरचे काही स्पष्ट दिसत नाही. शिवाय दोन्ही घराण्यांत भिंग फिरवून बसवण्याच्या दिशा एकमेकांविरुद्ध आहेत. इतक्या वर्षांच्या सवयीचे माझे मनगट ऐन वेळी उलटे फिरणार, भिंग सुटून हातात येणार, आणि तोवर धनेश पक्षी कोयनेच्या पलीकडे गेलेला असणार. तेव्हा मामला ठरला: निकॉन, आरशाचा, आणि भोई पदरी असलेला, म्हणजे सात हजारांच्या श्रेणीतला. पुष्कळ विचारांती मी डी-7500 वर येऊन थांबलो. ही निवड माझी आहे असे लोक समजतात, आणि मीही ते समजू दिले आहे. प्रत्यक्षात तिच्यावर तीन सह्या आहेत आणि त्यांत माझी नाही.

राहिली मंजुरी. घरच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवावी याबद्दल सौभाग्यवतींचे आक्षेप होते. मी प्रथम शासकीय बाजू मांडली: 2019 च्या प्रारंभापासून डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, म्हणजे खरेदी न केल्यास ही सवलत वाया जाते. या युक्तिवादाचा परिणाम न झाल्यामुळे मी इतिहासाकडे वळलो. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 साली लंडन गाठले, तेथून विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि कुंडीतल्या वाटाण्याचे रोप कसे उगवते ते दिवसेंदिवस टिपून लोकांना दाखवले, तेव्हा कोठे या देशात चित्रपट उभा राहिला. असल्या माणसांना घरच्यांनी अडवले असते तर काय झाले असते? सौभाग्यवती वांगी चिरत होत्या. "त्यांच्या सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले होते," त्या म्हणाल्या, "पण त्या माणसानं वाटाणा लावला तरी होता. तुम्ही गच्चीतल्या तुळशीला पाणी घालत नाही." तथापि वांगी चिरून झाल्यावर त्यांनी मंजुरी दिली; अट एवढीच की, यापुढे कॅमेरा भाच्याच्या गळ्यात जाणार नाही.

मुंबईत फोर्टमधल्या बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना खांदे लावून उभी आहेत. फूटपाथवरून चालताना दोन्ही बाजूंनी "बोला अंकल, काय पाहिजे" अशी विचारणा होते, आणि आपण नुसते थबकलो तरी खोके काउंटरवर येते. माझ्यासमोरच्या तरुणाने पहिला प्रश्न किंमत न सांगता केला: "बिल पाहिजे की बिनबिल?" बिलासह एक भाव, बिनबिलाचा दुसरा, 'इंडिया वॉरंटी'चा एक, 'इंपोर्टेड पीस'चा दुसरा. सरकारी नोकरीत पावतीशिवाय टाचणीसुद्धा न घेतलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते पाहून त्याने स्वतःच "बिलवाला दाखव रे" असे आत सांगितले.

मग त्याने माझे मन वळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. "अंकल, 7500 कशाला? 3500 घ्या. याच्यात वीस मेगापिक्सेल, त्याच्यात चोवीस. हलका, स्वस्त, आणि बॅटरी पण दीड हजार फोटो चालते." त्याचे एकही विधान असत्य नव्हते, डी-7500 चा संवेदक 20.9 मेगापिक्सेलचा आणि डी-3500 चा 24.2 चा, हे कागदोपत्री खरे आहे. मी पिशवीतून 60 मिलिमीटरचे भिंग काढले, त्यानेच पुढे केलेल्या डी-3500 वर बसवले, समोरच्या दुकानाच्या पाटीवर रोखले आणि कॅमेरा त्याच्या हाती दिला. त्याने बटण अर्धे दाबले. पुन्हा दाबले. भिंग ढिम्म. मग त्याने कड्याच्या काठाकडे डोळे बारीक करून पाहिले, तेथे खुंटी नव्हती. आतल्या वयस्क शेठजींनी गल्ल्यावरूनच मान न वळवता सांगितले, "डी लेन्स आहे, मोटर नाय मिळणार. सेव्हन सीरिज दे." त्या गृहस्थांच्या ज्ञानाबद्दल मला आदर वाटला, आणि पोराच्या चेहऱ्यावरून दिसले की त्यालाही तो त्याच क्षणी प्रथमच वाटत होता.

त्यांनी एक वापरलेलाही डी-7500 दाखवला. "एका हातचा, घरगुती वापर, एकदम क्लीन पीस." अशा वेळी एक छायाचित्र काढून त्याच्या फायलीत दडलेली नोंद वाचावी, निकॉनचे कॅमेरे शटर आजवर किती वेळा उघडले याची गणती प्रत्येक चित्राबरोबर लिहून ठेवतात, आणि इतका निःपक्षपाती तलाठी मी नोकरीत पाहिला नाही. दीड लाख उघडझापींची कसोटी लावलेल्या त्या शटरची नव्वद हजारांवर सेवा झाली होती. हे घरगुती वापराचे घर बहुधा मंगल कार्यालय असावे.

नवा घेतला. बुडालेल्या 18-105 ची जागा भरावयाची होती, म्हणून 18-140 च्या भिंगासह आलेले खोकेच घेतले. त्याबरोबर एक काळी पिशवी आणि पुसण्याचे फडके दुकानाकडून सप्रेम मिळाले. रात्री घरी आल्यावर भाच्याने दुरूनच, हात मागे बांधून, कॅमेऱ्याचे दर्शन घेतले. 50 चे बसवले. भोयांनी ते लगेच खर्रर्र आवाज करीत उचलले. 60 चेही चालले. दृश्यदर्शकात आता शंभर टक्के चित्र दिसते, तेव्हा मठ्ठ्यावाल्या मामांना यापुढे एक तर मध्यभागी यावे लागेल किंवा चौकटीबाहेर जावे लागेल.

अडचण निघाली ती निजानीज करण्याच्या वेळी. डब्यात तिघांचीच सोय. चौथ्याला घातले की झाकण बसेना, आणि झाकण न बसणारा डबा म्हणजे बुरशीला दिलेले निमंत्रण. मी स्वयंपाकघरात जाऊन फडताळातल्या वरच्या फळीची पाहणी केली. तेथे रबरी कडीचा, हवाबंद, रुंद तोंडाचा असा एक डबा रिकामाच पडून होता. तो खाली काढताच मागून आवाज आला, "तो चकल्यांचा आहे."

मी रीतसर अर्ज केला. तो विचारार्थ ठेवण्यात आला, त्यावर चौकशी झाली, दाण्यांचा वास चकल्यांना लागेल का असा प्रश्न निघाला, लागणार नाही असे लेखी मागण्यात आले, आणि शेवटी डबा वसुबारसेपर्यंतच्या मुदतीने, घासून, सुकवून आणि त्याच फळीवर परत ठेवण्याच्या अटीवर मला देण्यात आला. मुदतवाढीचा अर्ज चालणार नाही, हे तेव्हाच तोंडी बजावण्यात आले आहे.